विदरबीला पंच लागत नाहीत

५ जानेवारी, रविवार

बघितला एकदाचा तो विलायती इन्स्पेक्टर! दोन तास गेले, वर डोकं उठलं.

तनुजा सुट्टीला आली आहे. पोरगी नांदेडला इंग्रजीत एम. ए. करते आणि प्रबंधाला विषय काय घेतला — विलायती खुनाच्या कादंबऱ्या आणि त्यांच्यावर काढलेल्या मालिका. ह्याला शिक्षण म्हणतात! गिऱ्हाईक नसलं की दुकानातच काउंटरवर लॅपटॉप मांडून बसते. "पप्पा, बसा की. तुमच्या लाइनीतलंच हाय."

माझी लाइन झेरॉक्स, टायपिंग आणि लॅमिनेशन. दुकान पोलीस ठाण्यासमोर आहे, एवढंच. पण बसलो.

इन्स्पेक्टरचं नाव विदरबी. उंच, वाळका, बायको सोडून गेलेली, तोंड कायम एरंडेल पिल्यासारखं. गाव चाळीस घरांचं. त्यात एका वर्षात पाच खून — आणि एक माणूस घर विकून निघत नाही! उलट म्हाताऱ्या बाया गुलाबाला पाणी घालून राहिल्या. चहा तर सारखा ओततात. पीत कुणीच नाही. शेजारचा हॉटेलवाला सिद्रामप्पा असता तर त्यानं कपाळ बडवून घेतलं असतं. बिचारा गेल्या दिवाळीत वारला.

८ जानेवारी, बुधवार

दुसरी केस. खुनी पाद्री निघाला. मी पहिल्या अर्ध्या तासातच सांगितलं होतं. बायको उज्वला म्हणाली, "एवढी अक्कल हाय तर आपली गॅसची टाकी कुणी नेली ते सांगा की." ह्या बाईला कुठं काय बोलावं कळत नाही.

१२ जानेवारी, रविवार

आज तनुजाला बोलूनच टाकलं. विदरबी खोलीत शिरतो, हातमोजे घालतो, कप उचलतो, पिशवीत टाकतो. झालं! अरे, पंच कुठं आहेत? एकसुद्धा पंच नाही! दोन प्रतिष्ठित माणसं बोलवायची, त्यांच्यासमोर वस्तू उचलायची, लाखेचा शिक्का मारायचा, त्यांच्या सह्या घ्यायच्या — मग तो पुरावा. नाहीतर आमच्याकडचा साधा वकीलसुद्धा पहिल्या तारखेला त्या विदरबीची चड्डी सोडील. एवढं जगावर राज्य केलं त्या लोकांनी, आणि एवढं ठाऊक नाही!

"तुम्हाला लई माहिती," तनुजा म्हणाली.

असणारच. बावीस वर्षं झाली. पंच नंबर एक सिद्रामप्पा, पंच नंबर दोन मी. चोरी, अपघात, गळफास, दारूचे कॅन — जमादार भगवानराव कागद घेऊन रस्ता ओलांडतात, "शंकरराव, दस्तखत मारा." मी मारतो आणि गिऱ्हाईकाकडं वळतो. ठाण्याचे सगळे झेरॉक्स माझ्याकडं येतात ते काय उगाच?

"म्हंजे तुम्ही जागेवर जात न्हाई?"

"जागेवर जायला मी काय रिकामटेकडा हाय?"

पोरगी उठली. लॅपटॉप मिटून घरी गेली. बरं झालं, टायपिंगचं काम पडलं होतं.

१६ जानेवारी, गुरुवार

समन्स आलं! बावीस वर्षांत पहिल्यांदा. आमच्या केसा कोर्टापर्यंत जात नाहीत, गेल्या तर मिटतात.

भगवानरावांनीच आणून दिलं. तीन वर्षांपूर्वीचं प्रकरण. अयोध्या नावाची बाई, वय चोवीस, सासर इथून दोन कोसांवरच्या वाडीला. मे महिन्यात विहिरीत सापडली. पाय घसरून पडली असं ठरलं. पण तिची आई कोर्टात गेली, हटली नाही, आणि आता नवऱ्यावर न् सासऱ्यावर खुनाचा खटला उभा आहे. १८ फेब्रुवारीला नांदेडला साक्ष.

"पंचनामा वाचून जा अन् तेच बोला," म्हणाले. "सिद्रामप्पा न्हाई आता. सगळी भिस्त तुमच्यावर."

कुणाची भिस्त, हे विचारायचं मला सुचलं तोवर ते रस्ता ओलांडून गेले होते.

पंचनामा काढून वाचला. 'आम्ही पंचांनी समक्ष हजर राहून प्रेत पाहिले. अंगावर जखमा नाहीत. विहिरीच्या काठावर शेवाळ असून पाय घसरल्याची खूण दिसते.' मे महिन्यात काठावर शेवाळ! आमच्या भागात! हे ऐकून विदरबीसुद्धा हसला असता. खाली सिद्रामप्पाची सही, त्याच्या खाली माझी. त्या दिवशी मी काय करत होतो ते आठवत नाही. दुकानात होतो, एवढं नक्की.

१९ जानेवारी, रविवार

आजची केस म्हणजे हाईट! शेवटी विदरबी सगळ्या संशयितांना एका खोलीत बसवतो. आणि ते बसतात! गुमान! आमच्याकडं दहा माणसं बसवून दाखवा म्हणावं. आधी खुर्चीवरून भांडण. मग थोरल्या काकाला मान दिला नाही म्हणून अर्धे उठून जाणार. उरलेले पुढाऱ्याला फोन लावणार.

आणि तो खुनी! विदरबीनं बोट दाखवलं की लगेच कबूल, वर लांबलचक भाषण. कोण बोलतं असं? खरा माणूस 'मला काय माहीत' म्हणतो, घरी जातो आणि पोटभर जेवतो. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक, ह्यांना काय कळतंय!

जरा मोठ्यानं बोललो वाटतं. उज्वला स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, त्या लॅपटॉपातल्या माणसावर एवढं कामून चिडता? चोराच्या मनात चांदणं."

सहज बोलली ती. मी जेवलो नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

दुपारी एक बाई आली. साठीच्या पुढची, भोकरकडची. प्लास्टिकच्या पिशवीत कागद. मला वाटलं आधार कार्डाचं काम असेल. म्हणाली, "वकील म्हणले, पंच झेरॉक्सवाले हायत. तुमीच का भाऊ?"

साखराबाई. अयोध्याची आई.

मला वाटलं आता भांडणार. तसं काही नाही. स्टुलावर बसली, पाणी पिली. म्हणाली, "मी येईपतुर आग दिली हुती. तोंड दिसलं न्हाई मला लेकीचं. तुमी बगितलं ना? कशी दिसत हुती?"

झेरॉक्सचं मशीन चालू होतं, ते बंद केलं. परत चालू केलं. तोंडातून निघालं, "शांत होती. झोपल्यावानी."

बाईनं डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "अन् कानात फुलं हुती का? तिच्या सासरची शेजारीण हाय, पार्वतम्मा. विहिरीतून काढल्यावर तिनं तोंड पुसलं माज्या लेकीचं. ती म्हणती, उजवा कान फाटला हुता, कुणी वरबाडल्यावानी. कोर्टात सांगते म्हणती. डाक्टरनं तर नुसतं बुडून मेली लिवलं."

मला तो कागद दिसत होता. जखमा नाहीत. "होती," म्हटलं. "दोन्ही कानांत होती."

"मग पार्वतम्मा खोटं बोलली व्हय..." ती मशीनकडं बघत राहिली. "तुमी लिवणारी-वाचणारी मानसं. तुमी कामून खोटं बोलाल!"

जाताना हुरड्याची पुरचुंडी काउंटरवर ठेवून गेली. नको म्हणालो तरी ठेवलीच.

२५ जानेवारी, शनिवार

तिला बरं वाटावं म्हणून बोललो. त्यात काय पाप आहे?

हुरडा घरी नेला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

तनुजा दोन दिवसांसाठी नांदेडहून कालच्या गाडीनं आली. बरोबर कादंबरी. पहिल्या केसची मूळ कादंबरी, कुण्या विलायती बाईनं लिहिलेली. मला म्हणते, "पप्पा, मालिकेत त्यांनी एक माणूसच गाळलाय."

कोण तर गावचा पोस्टमास्तर. एका म्हातारीचा पुतण्या तिच्या मृत्युपत्राचा कागद पोस्टात घेऊन येतो, म्हणतो साक्षीदार म्हणून सही करा. हा करतो. म्हातारीनं समोर सही केली का, ती शुद्धीत होती का, काही बघत नाही. पुढं म्हातारीचा खून होतो, आणि ह्याच्या सहीपायी विदरबी अर्धं पुस्तक भलत्याच माणसामागं फिरतो.

"पुस्तकात खरं दुखणं त्याचंच हाय," तनुजा म्हणाली. "टीव्हीवाल्यांनी काढून टाकला. दाखवणार काय? एक माणूस सही करतो, एवढंच."

बरं केलं काढला! त्यानं काय केलं? सही केली. सुरा खुपसला का? विष घातलं का? गावातल्या माणसानं गावातल्या माणसावर भरवसा ठेवला, एवढाच त्याचा गुन्हा. त्या बाईला काही उद्योग नाही म्हणून बिचाऱ्या पोस्टमास्तरच्या मागं लागली. नाकानं कांदे सोलणारी जात!

तनुजा माझ्याकडं बघत होती. "पप्पा, तुम्ही त्या वाडीच्या विहिरीवर गेला होतात का?"

समन्स काचेखाली ठेवलं होतं. वाचलं असणार.

"गिऱ्हाईक आलंय," मी म्हटलं. दुकानात कुणीच नव्हतं. ती पुस्तक ठेवून गाडीला गेली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डिक्शनरी घेऊन पोस्टमास्तरची तेवढी पानं वाचली. विदरबी त्याला विचारतो, न बघता सही कशी केली? तर हा म्हणतो — सगळेच करतात.

मूर्ख! असं बोलतात का!

१२ फेब्रुवारी, बुधवार

भगवानराव चहा घेऊन स्वतः दुकानात आले. "पाठ झालं का?"

मी विचारलं, "मे महिन्यात शेवाळ कुठून आलं?"

"जुन्या पंचनाम्यावरून उतरवला हुता. दुसऱ्या विहिरीचं राहिलं त्यात. कोण बघतंय!"

"मी म्हटलं की मी तिथं नव्हतो, तर?"

कप ठेवला. "हात दाखवून अवलक्षण करू नका, शंकरराव. खोटी सही म्हणून पहिले तुम्हीच अडकाल. पोरीला नोकरी लागायची हाय ना? व्हेरिफिकेशन आमच्याकडंच येतंय." आणि हसले. बावीस वर्षं हा माणूस मला भला वाटत होता!

१७ फेब्रुवारी, सोमवार

तनुजाला फोन केला. म्हटलं, मी गेलो नव्हतो त्या विहिरीवर. ती म्हणाली, "मला ठाऊक हाय, पप्पा." व्हेरिफिकेशनचंही सांगितलं. मग म्हणाली, "येऊ द्या की."

उज्वलाला सांगितलं तर तिनं नुसता कोर्टात घालायचा शर्ट काढून ठेवला. इस्त्री केलेला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

झालं!

वकिलानं कागद दाखवला. ही सही तुमची? — माझीच. प्रेताची पाहणी तुमच्यासमोर झाली? — न्हाई साहेब. विहीर बघितली न्हाई, बाईला बघितलं न्हाई. दुकानात बसून सही केली. न्यायाधीश चष्म्यावरून बघत म्हणाले, ह्याबद्दल तुमच्यावर कारवाई होऊ शकते, समजतंय का? — हाव साहेब, समजतंय.

बोललो एकदाचा. भगवानराव मागच्या बाकावर होते. साखराबाईही कुठंतरी होती. मी कुणाकडंच बघितलं नाही.

तो विदरबी बोलवा म्हणावं आता! भरल्या खोलीत, कुणी बोट दाखवायच्या आत कबूल झालो. आणि भाषण केलं नाही. बाहेर तनुजा उभी होती, तिनं उसाचा रस पाजला. किती दिवसांनी पोटभर जेवलो. उगाच महिनाभर घाबरत होतो. खरं बोललं की सुटलं सगळं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

साखराबाई आली होती. स्टुलावर बसली नाही.

"बगितलंच नव्हतं तर मला कामून तसं सांगितलं, भाऊ?"

म्हटलं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

"तुमच्या बोलण्यावर मी पार्वतम्माला दारातून हाकललं. खोटारडी म्हणलं तिला, समद्या गल्लीदेखत. वकिलाला सांगून साक्षीतून तिचं नाव काढायला लावलं. आता बोलवायला गेले तर दार उगडंना." जायला वळली. "तेवढ्या एकीनंच तर बगितलं हुतं माज्या लेकीला."