रुमालाखालचा हात

११ मार्च ०३
ह्यांची बिडी सुटली! नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणून आठवडा झाला, एकदाही मागितली नाही. लग्नापासून मी शपथा घातल्या, अबोला धरला, बंडलं चुलीत घातली, तेव्हा नाही सुटली ती मेंदूच्या झटक्यानं सुटली. डावा हात आता डोक्यापर्यंत जातो, जीभही वळायला लागली. आत्याबाईंनी मीठ-मोहरी ओवाळून लेकाची दृष्ट काढली. शाळेतल्या बाया म्हणाल्या, नशीबवान आहात मॅडम.
विचारलं, तलफ येत नाही? म्हणाले, "बिडी पेत व्हतो ते आठवते. काहून पेत व्हतो ते आठवत न्हाई."
तेव्हा हसले मी. आता लिहिताना हसू येईना.

२० मार्च ०३
परवाचं वरण फेकायचं राहिलं होतं. वर फेस, वास दारापर्यंत. शाळेतून आले तर हे भाकरी कुस्करून खात बसलेले.
"अवो, वास येत न्हाई का?"
"येते की."
"मग?"
"मग काय? भूक लागली व्हती."
ताट ओढून घेतलं. हे माझ्याकडं बघत राहिले, मी कशानं तोंड वाकडं करते ते शोधल्यासारखे.

२ एप्रिल ०३
शेजारच्या गंगाकाकू गेल्या. ह्यांना लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं त्यांनी. हे गेले, बसले. काकूंचा लेक मयताला मिठी मारून रडत होता. ह्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला अन् सगळ्यांदेखत म्हणाले, "उचला आता. ऊन व्हईल." आवाज असा, जशी जीप सुटायची वेळ झाली.
मी सगळ्यांना सांगितलं, आजारातून उठलेत, समजून घ्या. बाया हो म्हणाल्या. पण नजर चोरली.

१८ एप्रिल ०३
आज हे आजारानंतर पहिल्यांदा बैलबाजारात गेले. करीमभाई घ्यायला आले होते. दोघं दलाल, जोडीनं काम करतात, लहानपणापासूनचे दोस्त.
दिवसभर जिवाला घोर. ह्यांचा धंदा तोंडाचा नाही, हाताचा. रुमालाखाली गिऱ्हाइकाचा हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, बाजूच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. हे म्हणायचे, बोटांनी भाव कळते, पण तळव्यानं माणूस कळते. घाम फुटला, हात गार पडला, थरथरला, की समोरचा कुठवर येईल ते ह्यांना समजायचं. कुणाला खरीच गरज असली तर ह्यांचा हात आपोआप सैल व्हायचा. त्यासाठीच लोक ह्यांच्याकडं यायचे.
लग्न होऊन आले तेव्हा घरात माणसं मावत नव्हती. मग हे एसटीत, पाव्हण्यांच्या घरी रुमाल आडवा टाकून माझ्याशी बोटांनी बोलायचे. मूठ आवळली म्हणजे थांब. करंगळी ओढली म्हणजे चल, निघू इथून. पुढं वैशूलाही शिकवलं. लग्नाच्या पंगतीत ती ह्यांची करंगळी ओढायची अन् दोघं बापलेक गायब.
संध्याकाळी हे आले. कसं झालं? "झाले सौदे. चांगले झाले."
करीमभाई चहा न घेता गेले.

२३ मे ०३
धंदा जोरात. लांबलांबचे व्यापारी ह्यांनाच मागतात. दत्ताभाऊचा हात दगडाचा, हटत नाही म्हणतात. आत्याबाई खूश. मी?
आज करीमभाईंना विचारलंच. म्हणाले, "भाभी, कल एक बुढ्ढा था. हात धरून रडून राहिला होता. पुराना दत्ता असता तर मधातच रुमाल काढून फेकला असता."
"मग ह्यांनी काय केलं?"
"सौदा केला. क्या करना? दलाल है."

२८ ऑग. ०३
काल पोळा.
आदल्या दिवशी हरण्याची खांदेमळणी मीच केली, तूप-हळद लावून. घरचा बैल, वासरू असल्यापासून ह्यांनी वाढवलेला. सकाळी धुतला, शिंगं रंगवली. वैशूनं बेगड चिकटवली. मी पुरण वाटत होते. बाहेर आले तर दावं रिकामं.
विकला. पोळ्याच्या दिवशी, शिंगं रंगवलेला, पूजेच्या आधी. त्या दिवशी कुठला दलाल रुमालसुद्धा खांद्यावर टाकत नाही. दावं परक्याच्या हातात देणं तर सोडाच.
"गिऱ्हाईक आजच आलं व्हतं," म्हणाले. "उद्या आलं नसतं."
वैशू ओरडून ओरडून रडली. हे जेवले. पुरणपोळीवर तूप मागून घेतलं.
मारुतीच्या पारावरची म्हातारी माणसं आता ह्यांना बघून थुंकतात. आत्याबाईंना वाटतं कुणी करणी केली. सेनगावकडचा कोणी देवऋषी आहे म्हणतात.

४ ऑक्टो. ०३
देवऋषी झाला. लिंबू झाले. त्यानं धगधगता निखारा जवळ आणला, भूत पळावं म्हणून. ह्यांच्या मनगटाला चटका बसला, कातडी लाल झाली. हात मागं घेतला नाही! देवऋषीच घाबरून उठला.
घरी येऊन विचारलं, दुखलं नाही? "दुखलं. लई दुखलं." अन् मनगट मला दाखवलं, दुसऱ्याचं असल्यासारखं.

६ नोव्हें. ०३
दिवाळीची सुटी, पण आम्हाला हिंगोलीत प्रशिक्षण. आत्याबाई नणंदेकडं. वैशूनं हट्ट धरला, बाबांसंग बाजारात जाते. नेलं.
दुपारी करीमभाई जीप करून तिला थेट प्रशिक्षणाच्या ठिकाणी घेऊन आले. पोरीचा पाय रक्तानं भिजलेल्या फडक्यात. बैलाचा खूर पडला, दोन बोटं चेचली. दवाखान्यात टाके. मी तिला मांडीवर दाबून धरलं अन् करीमभाईंना विचारलं, हे कुठं आहेत?
त्यांनी मान खाली घातली. "दत्ता चार कदम पे था, भाभी. बच्ची चिल्लाती रही, बाबा, बाबा. उसने देखा. हाथ रुमाल के नीचे था, निकाला नहीं."

७ नोव्हें. ०३
काल पुढचं लिहवेना.
हे घरी आले तेव्हा विचारलं, ऐकू आलं नव्हतं का?
"आलं."
"मग?"
"आपलीच पोरगी हाय, पाय चेंगरला, समदं कळलं. पण पोटात काई हललं न्हाई. म्हणलं, सौदा पुरा करून जावं."
मी त्यांच्या तोंडात मारली. जन्मात पहिल्यांदा. त्यांनी गाल चोळला. राग नाही, लाज नाही. शांतपणे विचारलं, "आता मी काय करू?"
भीती वाटते मला ह्या माणसाची. ज्या माणसाच्या हाताशिवाय मला झोप येत नव्हती.

१९ नोव्हें. ०३
नांदेड. डॉक्टरांनी झटक्याच्या वेळची फिल्म उजेडावर लावली. उजवीकडं एक डाग. म्हणाले, "बाई, मेंदूत कानशिलाच्या आतल्या अंगाला एक घडी असते, वरून दिसत नाही. इन्सुला म्हणतात. पोटात गोळा येतो, काळीज धडधडतं, किळस येते, शरीराची ही सगळी खबर तिथं पोचते. दुसऱ्याचं दुखणं बघून आपल्या पोटात कालवतं, तेही तिथूनच."
मी म्हटलं, पण ह्यांना सगळं समजतं. हिशेब बिनचूक, माणसं ओळखतात.
"समजायचा भाग वेगळा. तुम्ही हिंगोलीच्या ना? पूर्णा जंक्शन बघितलंय? अकोल्याची गाडी येते, नांदेडची येते, परभणीची येते. रूळ सगळे चांगले आहेत. पण कोणत्या गाडीला आधी सोडायचं, कोणती तातडीची, हे सांगणारा माणूस केबिनमध्ये नाही. लेकीचं रडणं आणि बैलाचा भाव, दोन्ही एकाच वेळी आले. कुणाला आधी सोडायचं ते आतून सांगणारं कुणी नाही."
बिडीचंही सांगितलं. तलफसुद्धा तिथंच असावी, म्हणाले. म्हणजे ज्या दिवशी सगळं गाव मला नशीबवान म्हणत होतं, त्याच दिवशी...
"सुधारतील?"
"थोडंफार. आता आठ-नऊ महिने झाले. एक लक्षात ठेवा, माणूस वाईट झालाय असं समजू नका."
"मग चांगला आहे असं समजू का, डॉक्टर?"
ते फिल्म पाकिटात घालत राहिले.
येताना एसटीत ह्यांचा रुमाल माझ्या हातावर ओढला, खालून ह्यांची करंगळी ओढली. हे म्हणाले, "काय पायजे? बोट काहून ओढून राहिली?"
खिडकीकडं तोंड करून वसमतपर्यंत रडले.

१२ जाने. ०४
मास्तरीण आहे मी. पहिलीच्या पोरांना शिकवते, नवऱ्याला का नाही शिकवू शकणार?
शिकवायला घेतलं. वैशू रडली की हातातलं काम टाकायचं. जवळ जायचं. खाली बसायचं. कुठं लागलं विचारायचं. उचलायचं. मयताच्या घरी बोलायचं नाही. कुणाचे डोळे भरले की भावाचं बोलायचं नाही. पाढ्यासारखं घोकून घेते. हे मन लावून शिकतात, कंटाळा करत नाहीत. हेच तर... कंटाळले, चिडले असते तरी बरं वाटलं असतं.

२५ फेब्रु. ०४
जमतंय! वैशू ओसरीवरून पडली, हे पळाले, खाली बसले, "कुठं लागलं बाई?" म्हणाले, उचललं. आत्याबाईंच्या डोळ्यात पाणी. मलाही भरून आलं.
मग बघितलं. पोरगी ह्यांच्या कडेवर ताठ. हात गळ्यात टाकले नव्हते तिनं.

२१ मार्च ०४
आज ध्यानात आलं. वैशू ह्यांच्यासमोर रडतच नाही आता. पडते, उठते, झटकते. शाळेत मात्र पेन्सिल हरवली तरी भोकाड पसरते.
विचारलं, बाबांना काहून सांगत न्हाई दुखलं तर?
"बाबा येतेत ना मग."
"मग चांगलंच की."
"त्यायचे डोळे येत न्हाईत."
सात वर्षांचं लेकरू.

१७ एप्रिल ०४
कुरुंद्याहून दादा आला होता. तिथल्या शाळेत जागा होते आहे, विनंती बदलीचा अर्ज कर म्हणाला. आई आहे, घर मोठं, वैशू माणसांत वाढेल. "अन् भावजी?" मी विचारलं. तो म्हणाला, "तेच्यासाठीच तर म्हणून राहिलो."
ह्यांनी अंगणातून ऐकलं. आत येऊन म्हणाले, "जायाचं तर जा. मला तकलीफ न्हाई." टोमणा नव्हता. खरंच नाही तकलीफ.
पण मग आंघोळीचं पाणी कुणी सांगायचं, नासलेलं ताट कुणी ओढायचं, मनगट भाजलं तर कुणी बघायचं? आत्याबाई किती दिवसांच्या! हा माणूस माझ्यावर कसा जीव टाकायचा ते मी विसरू का? झटका ह्यांना आला, टाकून मी जायचं?
आणि वैशू?
अर्ज लिहून ठेवला. मुख्याध्यापक म्हणाले, १० मेच्या सोमवारपर्यंत द्या.

९ मे ०४
रविवार. कुरडयांचा चीक शिजवायला चूल अंगणात मांडली. आत्याबाई ढवळत होत्या, मी बाजेवर कपडा ओला करून अंथरत होते, हे दाराशी दावं वळत बसलेले. वैशूला चीक खायची घाई. पातेल्यात बोट घातलं.
उकळता चीक कातडीला चिकटतो, लवकर सुटत नाही. मी आवाज ऐकला नाही, कारण आवाज झालाच नाही. वळून बघते तर पोरगी बोट वर धरून उभी. आधी बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "भाजलं."
तोच आवाज. तोच, ह्यांचा. कोरडा.
मी पोचायच्या आत हे उठले. हातातलं दावं टाकलं. जवळ गेले. खाली बसले. "कुठं लागलं बाई?" तांब्यातलं गार पाणी बोटावर सोडलं, चीक काढला, उचलून माझ्याजवळ आणून बसवलं. एकही पायरी चुकली नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बराबर केलं ना?"
"बराबर केलं," मी म्हटलं.
ह्यांनी मान हलवली. तिथंच बसून राहिले, पुढचं सांगेन म्हणून वाट बघत. क्षणभर वाटलं, ह्यांची हनुवटी हलली. का माशी बसली होती, देव जाणे.
वैशू माझ्या मांडीवर, डोळे कोरडे, तोंड बापाकडं. हसलीसुद्धा थोडी, ह्यांना दाखवायला. अन् तेव्हाच पदराखाली तिचा दुसरा, चांगला हात सरपटत आला. माझी करंगळी पकडली. ओढली. परत ओढली, जोरात.
मी तिचा हात मुठीत घट्ट धरला. मूठ म्हणजे थांब, हे तिला माहीत आहे. मला तसं म्हणायचं होतं का नुसता हात धरायचा होता, माझं मला कळेना.
हे परत दाराशी जाऊन बसलेत. दावं परत वळायला घेतलंय. वैशूच्या बोटाला फोड आलाय, झोपली आहे. अर्ज उशीखाली आहे. उद्या सोमवार.