बारवेतलं दगडफूल

प्रिय प्रसेनदादा,

जयभीम. आधी एवढंच वाच की आबा सुखरूप आहेत. गुडघा खरचटलाय, बाकी काही नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले.

तुला माहीत नसेल, मला हल्ली एक नाद लागलाय. पावसाळ्यात भिंतींवर, झाडांच्या सालींवर जे उगवतं, शेवाळ, भूछत्रं, दगडफूल, त्याचे अगदी जवळून फोटो काढायचे. मोबाईलला चिकटवायचं छोटं भिंग मिळतं. त्यातून पाहिलं की नखाएवढ्या शेवाळात अख्खं रान उभं दिसतं. केसासारखे देठ, देठांवर टोप्या घातलेली बोंडं. आई म्हणते, मसाल्यात टाकायच्या वस्तूचे कसले फोटो काढतेस! आबा मात्र निवृत्तीनंतर घरात कंटाळतात, म्हणून रविवारी माझ्यासोबत येतात. तामलवाडीच्या शिवारातली आपली जुनी बारव ठरलेली. मी भिंतीला नाक लावून उभी आणि ते खाली पायरीवर पेपर वाचत. मधेच विचारतात, "घावलं का गं काय? का नुसतंच हिरवं?"

त्या बारवेच्या एका भिंतीवर दगडफुलाचा करडा गोल होता, भाकरीएवढा, कडेनं झालर असलेला. हे फार सावकाश वाढतं, त्यामुळं एवढं व्हायला किती पिढ्या गेल्या असतील कोण जाणे. मी दर वेळी त्याचा फोटो काढायची. काल भिंग लावलं, तर गोल मधोमध फाटलेला. अर्धा जागेवर, अर्धा बोटभर खाली सरकलेला. कुणीतरी खरवडलं असेल म्हणून मी चिडलेच. मागच्या रविवारचा फोटो उघडून पाहिला, त्यात तो अख्खा होता. पुन्हा भिंग लावलं. फटीच्या आतला दगड कोरा होता. त्यावर शेवाळ नाही, धूळसुद्धा नाही. आणि मी बघत असतानाच त्या फटीतून बारीक माती गळायला लागली.

तेव्हा कळलं, दादा. फाटली होती ती भिंत. आणि आबा तिच्याच खाली बसले होते.

"आबा, उठा! वर चला!" मी ओरडले. ते म्हणाले, "एवढं पान होऊ दे की." मी त्यांचा दंड धरला आणि ओढतच पायऱ्या चढायला लागले. "येडी झालीस का? पडंन की मी!" म्हणत ते शेवाळावरून घसरले, गुडघ्यावर आपटले. तसंच ओढलं. आम्ही काठावर पोचलो आणि मागं दगडांची ट्रॉली रिकामी व्हावी तसा आवाज झाला. सगळी भिंत पाण्यात गेली. पाणी आमच्या पायांपर्यंत उसळलं. वळून पाहिलं, तर आबा बसले होते ती पायरीच दिसेना.

पण एवढंच असतं, तर मी तुला लिहिलं नसतं. आबा अचानक उठले आणि परत खाली निघाले. मी त्यांना कमरेला मिठी मारून धरलं, तर मला ढकलत ओरडायला लागले, "सोड मला! प्रसेन खाली हाय! पोरगं पाण्यात हाय!" त्याच पाण्यात त्यांनी तुला पोहायला शिकवलं होतं ना. तू न सांगता लग्न केलंस, त्या दिवसापासून आपल्या घरात तुझं नाव कुणी मोठ्यानं घेतलेलं नाही. आणि आबा बेंबीच्या देठापासून तेच ओरडत होते. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, आबा, दादा पुण्यात आहे, खुशाल आहे. तेव्हा कुठं मटकन खाली बसले. "खरं सांगतीस न्हवं?" म्हणाले. घरी दाराशी आल्यावर म्हणाले, "त्याला काय कळवू नगं." मी ऐकणार नाही, दादा. वहिनीला घेऊन ये. कारण आज सकाळी मी चहा दिला, तर कपाकडं बघतच त्यांनी विचारलं, "तो राहतोय तिथल्या भिंती धड हायत का, इच्यारलंस का कवा?"

उत्तर द्यायला तूच ये.

तुझीच,
संघप्रिया