दोन बोरींचा फुटवा न मोडण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
फळझाड सुधार कचेरी, नागपूर.

अर्जदार : भागीरथा नत्थूजी निखारे, मौजा बेसा, ता. जि. नागपूर.

विषय : उरलेल्या दोन बोरींचा फुटवा न मोडण्याबाबत.
संदर्भ : आपले बक्षीसपत्र, दि. २६-१-१९५६.

महोदय,

अर्जदार बाईस उत्कृष्ट कलमी बोरबागेचे जिल्ह्यातील पहिले बक्षीस मिळाले आहे. सदर बक्षीस मिळालेच नाही असे समजून पुढील मजकूर वाचावा.

१. घरचा हातमाग बंद पडल्यापासून बाईचा संसार बांधावरच्या अकरा गावरान बोरींवर चाले. बोरे बुधवार बाजारात खपत. गेल्या चैत्रात आपल्या कचेरीचे साहेब आले नि म्हणाले, झाडे बुंध्यापाशी छाटा, पावसाळ्यात नव्या फुटव्यावर सुधारित बोरीचे डोळे बांधून कलमे करून देऊ. बाईने अकराही छाटली. चिखलात पुन्हा यायला नको म्हणून साहेबांनी "डोळे मिळाले, बांधले" या कागदावर अंगठा तेव्हाच घेतला. बाईने दिला, साहेबांचे बूट नवे होते.

२. डोळे आले नाहीत. झाडांना हे कोणी न कळवल्याने ती आषाढात जोमाने फुटली. कलमी झाडाचा गावरान फुटवा मोडावा, असा आपला नियम आहे, आणि कचेरीच्या वहीप्रमाणे ही झाडे कलमी आहेत. सबब ग्रामसेवक कवडूजी दर सोमवारी येऊन सगळा फुटवा मोडतात. म्हणतात, "मावशी, वहीत डोळे बसले आहेत वं. गावरान कोंब दिसला तर माही नोकरी जाते." बाई म्हणाली, "मंग वहीलेच बोरं लागू दे गा." हेही त्यांनी वहीत टिपून घेतले.

३. नऊ झाडे वाळली. वहीत त्यांच्यापुढे "विश्रांती" असा शेरा आहे.

४. बक्षिसाच्या दिवशी कचेरीच्या माणसांनी बाजारातून आणलेली बोरे बाईच्याच मागाच्या सुताने दोन खुंटांना बांधली. पाहुण्यांनी तोडून खाल्ली, गोड म्हणाले. टाळ्या कमी पडल्या म्हणून बाईलाही वाजवायला लावल्या.

५. मागील अर्जास उत्तर आले की, फुटवा मोडणे थांबवायचे तर त्याच झाडांची पाच शेर बोरे नमुन्यादाखल सादर करावीत.

दोन खुंटांत अजून एकेक कोंब जिवंत आहे. पान नसलेला खुंट यंदाचे ऊन काढणार नाही. तरी कवडूजींस सोमवारी पाठवू नये. यास वरिष्ठांची मंजुरी लागत असल्यास, ती येईपर्यंत मौजा बेसा येथे चैत्र लागू करू नये, असा हुकूम व्हावा.

आपल्या बक्षिसास पात्र ठरलेली,
भागीरथा नत्थूजी निखारे
(अंगठा, मजकूर वाचून दाखवल्यावर)

दि. १२ मार्च १९५६, सोमवार