एकशे सत्तावीस व्होल्टचं घर

सोरोकाबा,
९ जुलै १९९१

प्रिय एवारिस्तो,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझ्या बायकोला माझा नमस्कार सांग आणि छोटीचा पापा घे. जुलैची थंडी यंदा फार आहे. सकाळी कॉफीचा कप दोन्ही हातांत धरूनच बसावं लागतं.

तर, तुझ्या शॉवरबद्दल.

मे महिन्यात बाबांच्या पंचाहत्तरीला तू विजेचा शॉवर पाठवलास. सहा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी आलं. सोबत चिठ्ठी नाही, नुसतं तुझ्या दुकानाचा शिक्का मारलेलं हमीपत्र. बाबांनी ते खोकं गल्लीभर मिरवलं. आपला जुना शॉवर चांगला चालत होता, तो काढून शेजारच्या डोना नाईरला देऊन टाकला. आता ती बाई त्याच्याखाली गाणी म्हणत आंघोळ करते आणि भिंतीपलीकडे आमचे बाबा कुडकुडतात. कारण तुझ्या शॉवरचं बटण ‘हिवाळा’वर फिरवलं तरी पाणी जेमतेम कोमटच येतं.

पहिल्या दिवशी बाहेर आले तेव्हा ओठ निळे पडले होते. म्हणाले, “झकास आहे. नवीन आहे ना, रुळायला वेळ लागेल.” शॉवर काय बैल आहे रुळायला?

तू तांत्रिक शाळेत होतास तेव्हा मी इस्त्री करत असायची आणि तू वही माझ्या हातात देऊन धडे म्हणून दाखवायचास. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, गुणलं की वॅट. तुझी परीक्षा झाली, तू विसरलास, माझ्या डोक्यात मात्र ते रुतून बसलंय. म्हणून मी खोकं उलटं करून वाचलं. २२० व्होल्ट, २० अँपिअर. गुणाकार केला, ४४०० वॅट. भागाकार केला, कॉइलचा रोध ११ ओहम. इथवर तुझा शॉवर शहाणा आहे. पण आपल्या घरात येतात १२७ व्होल्ट. त्याला अकराने भाग, साडेअकरा अँपिअर. परत १२७ ने गुण, साडेचौदाशे वॅटच्या आसपास. म्हणजे एक तृतीयांश. व्होल्ट निम्म्याला टेकले की उष्णता त्याहूनही खाली जाते, हे तूच मला शिकवलं होतंस.

तिकडे ब्लूमेनाउमध्ये सगळीकडे २२० आहे, मान्य. तुझ्या दुकानात दुसरं काही मिळतही नसेल. पण ज्या घरात वाढलास त्या घरात किती व्होल्ट येतात हे माणूस विसरतो? तेही शॉवर विकणारा माणूस? मला राग आला तो याचा.

मी लगेच वायरमन जुवेनालला बोलावलं. मुख्य डब्यापासून बाथरूमपर्यंत दुसरी फेज ओढली की २२० मिळतात आणि काम संपतं. बाबांनी त्याला कॉफी पाजली, मक्याचा केक खाऊ घातला आणि वाटेला लावलं.

“सेउ ओलेगारियो, दोन तासांचं काम आहे,” तो बिचारा बाबांना म्हणत होता.

“असू दे. ज्याने पाठवलाय तो येऊन जोडेल.”

तेव्हा मला कळलं. खोक्यावरचे २२० त्यांनी पहिल्याच दिवशी वाचले होते. मी म्हटलं, “बाबा, मग त्याला कळवा तरी.”

“कळवू काय? तुझं चुकलं म्हणून? चुका काढूनच घालवला त्याला मी घरातून. आता परत काढू?”

“मग जुवेनालला करू द्या.”

“पाणी गरम झालं, तर तो यायचं काय कारण उरलं, दाल्वा?”

अशा माणसाशी काय बोलायचं, तूच सांग. चुलीवर पाणी तापवून दिलं तर बादलीला हात लावत नाहीत. नळ इतका बारीक करतात की दोऱ्याएवढी धार येते, ती जरा ऊन असते, आणि तिच्याखाली एकेक खांदा भिजवत उभे राहतात. मी दाराबाहेर टॉवेल धरून तुम्हा दोघांनाही शिव्या घालते.

खुशाल आहोत असं वर लिहिलं, ते खरं नाही. तीन आठवड्यांपासून बाबांना खोकला आहे. गेल्या सोमवारी डॉक्टरांनी छाती तपासली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की या वयात न्यूमोनिया दुसऱ्यांदा झेपणार नाही. पहिला मागच्या वर्षी झाला होता. तुला कळवू नको असं बाबांनी बजावलं होतं आणि मी मूर्खासारखं ऐकलं. आज ऐकत नाही. हे पत्र त्यांना ठाऊक नाही.

जाड वायर आणि नवा ब्रेकर आणून ठेवलाय. तुझी पक्कड शोधायला गेले तर ती बाबांच्या उशाशी सापडली, तेल लावलेली.

येणार नसशील तर तसं सरळ कळव. मी जुवेनालकडून काम करून घेईन आणि बाबांना सांगेन की तू आला होतास, ते झोपले होते म्हणून उठवलं नाहीस. ते विश्वास ठेवतील, एवारिस्तो. मग रोज त्या गरम पाण्याखाली उभे राहून माझ्यावर चिडतील की मी त्यांना उठवलं का नाही. ते मला ऐकवणार नाही.

आलास तर आधी मेन स्विच बंद कर. आणि त्यांच्यासमोर हिशेब मांडू नकोस, त्यांना तो पाठ आहे.

तुझी धडे ऐकणारी बहीण,
दाल्वा