भिंतीपलीकडचा श्वास

४ फेब्रुवारी

भूत परत दिसलं. खोली रिकामी, दाराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. तरी यंत्र ठामपणे सांगतंय, आत एक माणूस श्वास घेतोय.

मोठ्या साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावलं. एवढी अवाढव्य कंपनी, तोफांपासून पाणबुडीच्या सुट्या भागांपर्यंत सगळं बनवते, आणि आमचं संशोधन खातं म्हणजे तिच्या पोटातलं अपेंडिक्स. नसलं तरी कोणाचं अडत नाही. साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, सैनिक भिंतीला डबा लावणार आणि डबा सांगणार पलीकडे कोण आहे. कल्पना उत्तम. पण तुमच्या डब्याला रिकाम्या घरात माणसं दिसतात." मार्चअखेर लष्कराची चाचणी. तोवर भूत गेलं नाही तर गाशा गुंडाळायचा.

बरोबरच होतं त्यांचं.

५ फेब्रुवारी

भूत आहे तिथेच. घरी येऊन नवऱ्यावर उगाच खेकसले. तो निमूट भांडी घासत राहिला, त्यामुळे आणखीच चिडले.

११ फेब्रुवारी

घाईघाईत लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

दुपारी लिफ्ट बंद होती. माझा सहकारी (आम्ही त्याला शंकासुर म्हणतो, कारण सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी तो पुरावा मागतो) चार मजले चढून धापा टाकत आला. आल्या आल्या यंत्र उचललं आणि त्या रिकाम्या खोलीच्या भिंतीला लावलं. मी पडद्याकडे बघत होते. भूतही धापा टाकत होतं.

मी म्हणाले, "खाली बस. पाणी पी. मग परत धर."

तो पाणी प्यायला. श्वास निवला. भूतही निवलं.

त्याने ग्लास खाली ठेवला. मग तो म्हणाला, "मीच आहे का तो?"

तोच होता! आजवर जो कोणी यंत्र हातात धरत होता, तोच भूत होता. छाती हलते, खांदा हलतो, हात हलतो, हाताबरोबर यंत्र हलतं. यंत्राला वाटतं, पलीकडचं कोणीतरी हललं. दीड वर्ष आम्ही भिंतीला दोष देत होतो. विटा बदलल्या, गिलावा बदलला, एकदा तर भिंतच नवी बांधली.

शंकासुर जाता जाता म्हणाला, "उद्या स्टँडवर ठेवून बघू. तोवर मी मानत नाही."

१२ फेब्रुवारी

स्टँडवर ठेवलं. खोली रिकामी, पडद्यावर रेघ सरळ. मानलं त्याने.

२४ फेब्रुवारी

उपाय इतका साधा की सांगायची लाज वाटावी. यंत्राच्या पाठीला नखाएवढा सेन्सर बसवला. धरणाऱ्याचा हात किती हलतो ते तो मोजतो. तेवढं वजा करायचं. उरेल तो पलीकडचा श्वास. आज आमच्या शिपायाला, सफाईवाल्या मावशींना, दोन टायपिस्टना एकेक करून खोलीत बसवलं. सगळे सापडले. मावशी बाहेर येऊन म्हणाल्या, "मी तर श्वास रोखला होता." मी म्हटलं, "तुमचं काळीज थोडंच थांबलं होतं?" तेही दिसतं आता. बारीक, पण दिसतं.

संध्याकाळी बाजारातून मोगऱ्याचं रोप घेऊन घरी आले. नवरा म्हणाला, "कोणासाठी?" म्हटलं, स्वतःसाठी.

१७ मार्च

चाचणी पार पडली.

लष्कराचे तिघे आले होते. त्यातल्या टकल्या कर्नलचा चेहरा असा की आधीच नापास करून आलाय. त्याने स्वतःच्या माणसाला बंद खोलीत पाठवलं आणि मला म्हणाला, "सांगा, किती जण?"

मी यंत्र लावलं. दोन रेघा. एकच माणूस आत जाताना सगळ्यांनी पाहिला होता. मोठे साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. शंकासुर माझ्या कानाशी पुटपुटला, "पुन्हा धर." पुन्हा धरलं. दोनच. हाताचा हिशोब तपासला, तो बरोबर वजा झालेला.

मी म्हणाले, "दोन जण. एक दाराजवळ उभा, एक पलीकडच्या कोपऱ्यात, खाली बसलेला."

कर्नलने खूण केली. दार उघडलं. कोपऱ्यातल्या कपाटातून एक तरुण जवान गुडघे चोळत बाहेर आला. त्याला सकाळीच लपवून ठेवलं होतं!

कर्नलने टोपी काढली, टक्कल पुसलं, आणि पहिल्यांदाच हसला.

१८ मार्च

ताईला फोन केला. सांगितलं. ती सरकारी दवाखान्यात सिस्टर, अपघात वॉर्डला. म्हणाली, "छान." एवढंच. ती माझ्या नोकरीबद्दल कधीच बोलत नाही. एकदाच बोलली होती, "तुम्ही ज्याला संरक्षण म्हणता, त्याला आमच्या वॉर्डात दुसरं नाव आहे." तेव्हापासून आम्ही दोघी फक्त आईच्या गुडघ्यांबद्दल बोलतो.

२६ मार्च

हा दिवस नीट लिहायचा आहे.

सकाळी बाजारामागची चार मजली इमारत बसली. खाली शिवणकामाचा कारखाना, वर भाडेकरू. बातमी ऐकली आणि मी सरळ मोठ्या साहेबांच्या दारात. म्हणाले, "यंत्र न्यायचंय." ते म्हणाले, "गुप्त प्रकल्प आहे, परवानगी वरून लागते." मी काही बोलायच्या आत मागून शंकासुर म्हणाला, "मी सही करतो. नोकरी गेली तर माझी जाईल." आयुष्यात पहिल्यांदा त्याने पुरावा न मागता काही केलं असेल. साहेबांनी आमच्याकडे पाहिलं, मग स्वतःच गाडी मागवली.

ढिगाऱ्यावर धूळ, आरडाओरडा, जेसीबीची घरघर. अग्निशमन दलाच्या प्रमुखाला समजावून सांगितलं. त्याचा विश्वास बसला नव्हता, पण त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. त्याने हात वर केला. मशीन बंद झाली. माणसं गप्प झाली. इतकी माणसं एकदम गप्प झालेली मी कधी ऐकली नव्हती.

पहिल्या जागी काही नाही. दुसऱ्या जागी नाही. जिन्याच्या जागी स्लॅबला यंत्र टेकवलं, आणि रेघ हलली. हळू, वर, खाली. मी हाताचा आकडा बघितला. माझा नव्हता तो श्वास.

"इथे," मी म्हणाले. शंकासुराने मोठ्याने सांगितलं.

हाताने उपसलं त्यांनी. उन्हं कलली तेव्हा एक बाई बाहेर आली, पिठात लोळल्यासारखी पांढरी. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या म्हणाली, "माझी एक चप्पल राहिली आत." लोक हसले, रडले, काय करावं कोणालाच कळेना. त्यानंतर तिथूनच थोडं पुढे एक शिंपी आणि त्याची मुलगी. तिघंही जिवंत.

प्रमुखाने माझा हात हातात घेतला, तो सोडेचना.

घरी पोचते न पोचते तोच ताईचा फोन. मागे वॉर्डातला गलका. "तुझी माणसं माझ्याकडे आहेत," ती म्हणाली. "तिघांनाही सलाईन लावलंय. पोरगी बिस्कीट मागतेय." मग म्हणाली, "जेवलीस का गं?"

मी भिंतीला टेकून खाली बसले आणि पोटभर रडले.

२७ मार्च

ऑफिसात पाऊल टाकलं तर अख्खा मजला उभा. टाळ्या. टायपिस्ट रडत होत्या. साहेबांनी शंकासुराला मिठी मारली, तो लाकडासारखा उभा होता. संध्याकाळी ताई स्वतः घरी आली, डबा आणि आईला घेऊन. यंत्र कसं चालतं ते मला दोनदा सांगायला लावलं, आणि निघताना आईला म्हणाली, "हिने केलंय ते."

आईसमोर. माझ्यासमोर. इतकं सुख मला पेलवत नाही.

४ एप्रिल

लष्कराची ऑर्डर आली. आजवर कोणत्याच यंत्राला आली नव्हती एवढी मोठी. फक्त एक बदल हवाय: माणसाने भिंतीला धरायचं नाही, ड्रोनला बांधून घरावरून उडवायचं. "जमेल का?" साहेबांनी विचारलं. हाताची थरथर वजा करतो तशीच पंख्यांची करू, सोपं आहे. मी "जमेल" म्हणाले. टाळ्या पडल्या. मग साहेबांनी टेबलापलीकडच्या नव्या माणसाची ओळख करून दिली. आता यापुढे आम्ही त्याच्या हाताखाली. क्षेपणास्त्र विभागाचा आहे तो.