न्हाणीमागची काळी माती

१६ फेब्रुवारी १९५९, अकोला

शांताला दिवस गेले. तिसरा महिना. आनंद व्हायचा तर आधीची दोनच आठवली. पहिलं पोटातच गेलं, दुसरं सव्वा महिन्याचं होऊन. काल मूर्तिजापूरला जाऊन पाहून आले. लेकीची नखं पांढरी, ओठ पांढरे, घागर उचलली की धापा टाकते. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही, हिरवी भाजी खाऊ घाला, रोज. विहीणबाई ओसरीवर बसून म्हणाल्या, “ही एक खेप पाहू. नाई तर मंग घेऊन जा तुमची लेक. आमाले वंश पायजे.” दुसरी बायको करायची नाही असा कायदा झालाय म्हणे. तो विहीणबाईंना कोण वाचून दाखवते!

आगगाडीत दातओठ खात आले. बाळंतपण माझ्याकडे. लेकरू जगवूनच पाठवीन.

२२ फेब्रुवारी

मागचं आंगण पाहून रडू येते. गावठाणाची पांढरी माती, पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी तुडवलेली. कुदळ मारली तर टणकन उडते. एक कडुनिंब सोडला तर हिरवं म्हणून काही नाही. बाजारातला पालक नालीच्या पाण्यावरचा, तो शां.ला देणार नाही. न्हाणीचं पाणी मागच्या खोलीच्या भिंतीशी मुरते, तेवढीच काय ती ओल. तिथेच भाजी करायची.

ह्यांना सांगितलं. कापसाच्या जिनातून निवृत्त झाल्यापासून दिवसभर ओट्यावर बिड्या फुंकतात. म्हणाले, “मास्तरीणबाई, या मातीत कुसळ उगत नाई, अन् तू पालक लावून रायली.”

म्हटलं, मग माती बदलू.

८ मार्च

नामदेवने शब्द पाळला. भाऊ असावा तर असा. मोर्णा नदीपलीकडच्या त्याच्या वावरातली काळी माती, दोन बैलबंड्या भरून. हातात घेतली तर लोण्यावाणी. भिंतीशी लांब वाफा केला, वीटभर उंच.

ह्यांची कुरकुर. “माय म्हणे, काळी वावरात, पांढरी घरात. काळी घराशी आणू नये.” काहून आणू नये ते यांनाही माहीत नाही, त्यांच्या मायलाही नव्हतं. सासूबाई तर ग्रहणात भरले हंडे ओतून देत. त्यांचं सगळं ऐकलं असतं तर मी मास्तरीण झाले नसते, चूल फुंकत बसले असते.

तोंडानं नाही म्हणत हे टोपल्या मात्र वाहात होते. संध्याकाळी पाठ धरली. तेल चोळून दिलं.

३० मार्च

पालक, चवळाई, अंबाडी, घोळ पेरली. सांबारासाठी धने टाकले, भाजीवर घालायला लागतोच. कोपऱ्यात शेवग्याची फांदी खोचली. कडुनिंबाचा पाला झाडून फेकायचा नाही, वाफ्यावर अंथरायचा, म्हणजे ऊन मातीला लागत नाही. वरून कापसाच्या पऱ्हाटीचा मांडव. नामदेव सरकारी खताची थैली देत होता, नको म्हटलं. शेण, राख, पाला एवढंच. माझ्या लेकीच्या पोटात जायचं आहे.

शेजारची गंगूबाई भिंतीवरून डोकावली. “व माय, निरा उकिरडा करून ठेवला व घराचा!”

न्हाणीत साबण बंद. कपडे रिठ्यानं. ह्यांचे सदरे कळकट दिसतात. “तुया पालकापायी मी मळका फिरू?” फिरा म्हटलं, तुम्हाला कोण पाहायला येणार आहे आता!

१७ मे

अकोल्याचं ऊन. सांगायची सोय नाही. काळी माती उलली, भेगांत बोट जाते. अंबाडी करपली. घोळ अन् चवळाई तगून आहे, शेवग्याला पालवी.

हे दोनदा आंघोळ करतात आताशा. “गरमते ना बाप्पा.” गरमते कशाचं, पाणी वाफ्याला जावं म्हणून. मला कळत नाही असं वाटते त्यांना.

२८ जून

शां. आली. जावई स्टेशनावरून परत गेले, घरात पाय ठेवला नाही. मागची खोली सारवून दिली तिला. खिडकीतून वाफा दिसतो. म्हणाली, “आई, एवढं हिरवं आपल्या घरी?” एवढ्या दिवसांनी हसली.

१२ जुलै

आज शां.चा हात हातात घेऊन नखं पाहिली. गुलाबी. चक्क गुलाबी! रोज दोन्ही वेळ भाजी चालू आहे, शेवग्याचा पाला, पालक. मृगात टोचलेल्या दोडक्याचा वेल मांडवावर चढला, फुलं आली. मी वाफ्यात बसून घटकाभर रडले. कोणी पाहिलं नाही.

पाऊस चांगला आहे. माती फुगून वर आली आहे, वाफा उंच दिसतो.

मागच्या खोलीच्या भिंतीला एक भेग. जुनीच असेल.

२२ जुलै

भेग जुनी नाही. चुना-माती भरली होती, पुन्हा उघडली. हे बाहेरून हात लावून आले. “खालून वली झाली भीत. तुयी माती पाणी पिऊन फुगते अन् भितीले ढकलते. पांढरी अशी नाई करत.” म्हटलं, मातीच्या भिंती आहेत, पावसात ओल्या होणारच. म्हणाले, “काळी काढून टाकू भितीपासून.”

आता? ऐन आठव्या-नवव्यात? भाजी उपटून टाकू? म्हटलं बाळंतपण होऊ द्या.

ह्यांनी बिडी पेटवली.

२ ऑगस्ट

मुलगी झाली. रडली! राहीबाई सुईण म्हणे, “कशी ठणाणा करते पाय बाई, हे नाई मरत.” तिच्या तोंडात साखर पडो. अंग लालबुंद, मुठी घट्ट. शां. थकली आहे पण ओठांना रंग आहे. मूर्तिजापूरला तार केली.

हे दाराशी उभे राहून लांबूनच पाहून गेले. मागे जाऊन पाहते तर वाफ्याजवळ उभे, डोळे पुसून राहिले होते.

६ ऑगस्ट

तारेचं उत्तर नाही. मुलगी झाली म्हणून.

भिंतीनं पोट काढलं. आतून दिसत नाही, बाहेरून दिसते. हे म्हणतात शां.ला पुढच्या खोलीत आणा. राहीबाई म्हणते बारा दिवस बाळंतिणीनं खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, शेक-धुरी मोडायची नाही, वारं बाधते. आधीची दोन गेली म्हणून मीही भ्याले. ठरलं असं की शां. तिथेच राहील, हे हळूहळू माती काढतील. उद्या भिंतीला टेकू द्यायला बल्ली आणतो म्हणाले.

८ ऑगस्ट

बल्ली मिळाली नाही. पावसानं लाकडाचा अड्डा बंद. हे म्हणाले, उद्या सकाळीच कुदळ घेतो.

९ ऑगस्ट, नागपंचमी

हे उजाडताच कुदळ घेऊन निघाले. मी आडवी झाले. आज नागपंचमी. आज जमीन खणत नाहीत, आज विळी-चाकू नाही, चुलीवर तवा नाही. घरात ओली बाळंतीण, दोन लेकरं आधीच गेलेली. कशाला उगाच? एक दिवसानं काय होते?

शाळेत पोरींना मीच शिकवते की नाग दूध पीत नाही. अन् घरी पाटावर गंधानं नाग काढला, लाह्या वाहिल्या.

हे हसले. “माय गेली अन् तू तिच्या जागी बसली.” कुदळ ठेवून दिली.

दिवसभर पाऊस.

१२ ऑगस्ट

लिहिते.

परवा सकाळी मागच्या खोलीचं दार लागेना. आदल्या दिवशी लागत होतं. चौकटच तिरपी झाली होती. मी शां.ला म्हटलं, ऊठ. राहीबाई मालीश करायला आली होती, ओरडली, “बारा दिवस नाई झाले अजून! वारं लागंल!” म्हटलं, वारं लागू दे, भिंत नको लागायला. लेकरू गोधडीत घेतलं, शां. माझ्या खांद्यावर. पुढच्या खोलीत नेऊन निजवलं.

हे मागे केव्हाचेच माती काढून राहिले होते. आदला दिवस वाया गेला तो भरून काढायचा म्हणून. मी धावत गेले. थांबा, म्हटलं, आधी बल्ली. भिंतीच्या बुडाशी वाकलेले. मान वर न करता म्हणाले, “हा एवढा शेवगा मुळासगट काढून घेतो. तिकडं कडुनिंबाशी लावू तुया.”

माझा शेवगा.

आवाज फार मोठा झाला नाही. ओली भिंत, बसल्यासारखी खाली आली, बाहेरच्या बाजूला. आत शां.ची बाज होती तिथवर पाऊस येत होता. ह्यांचा एक हात दिसत होता. गंगूबाईच्या घरच्यांनी अन् गल्लीतल्यांनी हातांनी माती उपसली.

जिवंत आहेत. मोठ्या दवाखान्यात. कमरेचं हाड मोडलं.

सासूबाईंचं ऐकलं नाही, नागपंचमीचं ऐकलं. उलटं केलं असतं तर! मेले मी, काय केलं हे.

१९ ऑगस्ट

बारसं नाही केलं. पोरगी दूध पिते, झोपते, पुन्हा पिते. तिला काय माहीत.

दवाखान्यात डबा नेते. दोन घास खातात. उरलेलं परत आणते.

४ सप्टेंबर

पोळा होऊन गेला. गल्लीतून बैल वाजत गेले, आम्ही दार लावून बसलो.

आज ह्यांना घरी आणलं, बाजेवर. कमरेखाली काही जाणवत नाही. टाचणी टोचली तरी नाही. डॉक्टर म्हणतात, पाहू. पाहू म्हणजे काय ते मला समजते, मी काही अडाणी नाही.

पडलेल्या भिंतीच्या जागी तुराट्यांची ताटी बांधली. मलबा तसाच वाफ्यावर पडून आहे. उपसायला कोणात जीव आहे? पाऊस आला की ताटीतून तुषार येतात. हे त्याच खोलीत निजायचं म्हणाले, ऐकेनात. तोंड ताटीकडे.

संध्याकाळी एकच वाक्य बोलले. “त्या मातीतलं काही माया ताटात वाढू नको.”

बरं म्हटलं. मी चुलीपाशी येऊन बसले.

२१ सप्टेंबर

विहीणबाई अन् जावई आले. पोरीला उलटीपालटी करून पाहिली, बाजारात मेथीची जुडी पाहावी तशी. “पोट्टीच हाय,” म्हणाल्या. मग तिनं त्यांचं बोट धरलं ते सोडेना. तेव्हा म्हणाल्या, “पण जगली व माय.” झबलं-टोपडं आणलं होतं पिशवीत, आधी काढलं नव्हतं, ते काढलं.

शां.ला नेलं. जिंकले म्हणायचं मी. काय जिंकले!

जाताना शां.नं वडिलांच्या पायांवर डोकं ठेवलं. हे ताटीकडे पाहत होते. तिचा हुंदका ऐकून मान वळवली. म्हणाले, “पायावर डोकं ठेवलं काय व? मले समजलंच नाई.”

२ ऑक्टोबर

सोमवारपासून शाळा सुरू केली. दुपारी गंगूबाई पाहते ह्यांच्याकडे. उकिरडा म्हणाली होती, पण तीच कूस बदलून देते, धुणं करते. माणूस कुठे कळते आधी.

नामदेवला निरोप पाठवला. काळी माती घेऊन जा तुझी. सगळी. मलब्यासगट. मला ती डोळ्यांसमोर नको.

६ ऑक्टोबर

मलब्यावर दोडक्याचा वेल निघाला आहे. भिंतीखाली दबला होता तोच. मातीच्या ढेकळांतून वाट काढून ताटीवर चढला, ह्यांच्या खोलीच्या बाहेरून. पानं पंजाएवढी, आड बोटभर दोडके. उपटायला हात घातला अन् परत घेतला.

ह्यांना आतून वेलाची सावली दिसत असेल ताटीवर.

११ ऑक्टोबर

रविवार. नामदेवची बंडी दारात आली, गडी फावडं-टोपली घेऊन. म्हटलं, जेवणं होऊ दे, मग भर.

वेलाला तीन दोडके होते. माती जाणार म्हणजे वेलही जाणार, म्हणून तोडले. टाकवेनात. दाण्याचं कूट घालून भाजी केली, सांबार वरून. ह्यांना उशाला तक्क्या देऊन बसवलं, ताट मांडीवर ठेवलं. दोन महिन्यांत धड जेवलेले नाहीत.

पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. “कुठचे?” विचारलं.

बाजारातले, म्हटलं. आयुष्यात ह्यांच्याशी खोटं बोलले नव्हते.

हे चावत राहिले, सावकाश. मग म्हणाले, “अकोल्याच्या बजारात इतके कवळे दोडके कधीपासून भेटून रायले, मास्तरीणबाई?”

ऑगस्टपासून त्यांनी मला मास्तरीणबाई म्हटलं नव्हतं.

मी खाली मान घालून उभी. ताट सरकवतील असं वाटलं. ना सरकवलं, ना पुढचा घास घेतला. तिसरा घास मोडून हातात धरून ताटीकडे पाहत बसले.

बाहेरून गड्याची हाक आली, “बाई, भरू काय माती?”

म्हटलं, थांब जरा.