भागूची जागा

हट्टा, ता. ९ फेब्रुवारी १९७५

चि. ग्यानोबास पद्माअक्काचा आशीर्वाद व जयभीम.

तुझे माळरानाचे फोटो पोचले. पळस, ढग, समदं बराबर आलंय. पण माणूस एकबी न्हाई. भागू होती तवा हरेक फोटोत कुठंतरी लांब, ठिपक्याएवढी उभी असायची. आता डाव्या अंगाला नुसती जमीन मोकळी सोडून देतोस. तुझे दाजी म्हणाले, मेव्हण्याला माळ पुरा भरायचा कंटाळा आला वाटतं. आमी हसलो. राग मानू नको.

ती जाऊन साल झालं. बाळापूरकडं एक चांगलं स्थळ आहे, बघावं का? जेवतोस का येळेवर? दोन ओळी लिहीत जा, तेवढाच जीवाला आधार.

तुझी अक्का

हिंगोली, ता. २१ फेब्रुवारी १९७५

ती. अक्कास सा. जयभीम. वि. वि.

दुकानात लग्नाच्या जोड्यांचे फोटो काढून पोट भरतं. आइतवारी कॅमेरा सायकलला बांधून माळावर जातो.

दाजींना सांग, कंटाळा न्हाई, ती जागा मुद्दाम ठेवतो. मोकळ्या माळावर माणूस नसलं तर लांबी कळत न्हाई, म्हणून भागूला उभी करायचो. ती पदर खोचून निघायची, दूर जाऊन हात वर करायची, म्हणजे इथं का? मी रुमाल हलवला की थांबायची. आता कॅमेरा लावला की आधी तीच जागा दिसते. मग झाड उजवीकडं घेतो, आभाळ कमी करतो, समदं त्या जागेला सांभाळून. नांदेडच्या कॅलेंडरवाल्यानं फोटो परत केला. तिथं कुणालातरी उभं करा म्हणाला. मला जमलं न्हाई.

स्थळाचं राहू दे. जेवतो. माया आहे तशीच असू दे.

तुझा ग्यानोबा

हट्टा, ता. १६ मार्च १९७५

चि. ग्यानोबास आशीर्वाद व जयभीम.

सुखरूप पोचले. तुझं पत्र वाचून घरी बसवलं न्हाई, म्हणून न कळवताच आले होते. माळावर तू मला सावलीत बस म्हणालास, पण मीच चालत लांब गेले अन् हात वर केला. तू रुमाल हलवला न्हाईस. वरडून सांगितलंस, अक्का, तिथं नको, थोडी उजवीकडं सर. काहून ते मी इचारलं न्हाई. सरले.

मग तू काळ्या कापडाखाली डोकं घातलंस अन् किती येळ भायेर आला न्हाईस. एवढ्या लांबून तोंड दिसत न्हाई, पण खांदे दिसतात. पळत येऊन पाठीवर हात ठेवावा वाटलं. पण फोटो बिघडला असता, म्हणून जागची हलले न्हाई.

स्थळाचं पुन्हा लिहिणार न्हाई. फोटो निघाला असला तर धाड. निघाला नसला तर कळव, मी परत येऊन उभी राहते.

तुझी अक्का